सतराशे ऐंशी किलोंचा अभिमान

आमच्या गाडीचं वजन सतराशे ऐंशी किलो आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे कुणी ना कुणी तुम्हाला वेगळा आकडा सांगेल आणि तुमचा विश्वास डळमळेल. नोंदणी कार्यालयात आमच्या गाडीची एक फाइल आहे. तिच्यातल्या एका पावतीवर वजन सतराशे आहे, दुसरीवर अठराशे नव्वद आणि तिसरीवर सतराशे नव्वद. तिन्ही पावत्यांवर शिक्के आहेत आणि तिन्ही चूक आहेत. त्या तिन्ही चुका माझ्यामुळे झाल्या असं आमच्या घरात मानलं जातं. त्यातली एक माझ्या सासऱ्यांमुळे झाली, पण सासऱ्यांच्या चुका मोजायचा प्रघात आमच्या घरात नाही.

आमच्या हिची कुंड्यांची छोटी कार्यशाळा आहे. घरामागच्या अंगणात ती सिमेंटच्या मोठ्या कुंड्या ओतते, त्यांवर नक्षी उठवते, झाडं लावते आणि विकते. आजवर कुंड्या पोचवायला भाड्याचा टेम्पो यायचा. तो आला तर उशिरा यायचा आणि वेळेवर आला तर दुसऱ्याच कुणाकडे जायचा. शेवटी एका संध्याकाळी हाताचं सिमेंट खरवडता खरवडता ती म्हणाली, "अहो, आपली पिकअप घेऊ या. पैसे मी साठवलेत. कुठली घ्यायची ते तुम्ही बघा."

"तुम्ही बघा!" एकोणीस वर्षांच्या संसारात हे दोन शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो. घरातले पडदे, भिंतीचा रंग, डॉक्टर, एवढंच काय माझ्या चष्म्याची फ्रेमसुद्धा हिने ठरवलेली आहे आणि सगळं उत्तम ठरवलेलं आहे, म्हणूनच तक्रार करायला तोंड नाही. आता पहिल्यांदाच एक गोष्ट पूर्णपणे माझ्या हाती आली होती. ती चुकली असती तर पुढच्या एकोणीस वर्षांत माझ्याकडे काही येणार नव्हतं, हे मला स्वच्छ दिसत होतं.

त्यात गाठ होती ती तारखेशी. शेजारच्या तालुक्यात नवीन वाचनालय उभं राहिलं होतं. त्यांनी हिला चाळीस कुंड्यांची ऑर्डर दिली होती. हिला आजवर मिळालेली ही सर्वांत मोठी ऑर्डर. महिनाअखेरच्या शनिवारी चार वाजता उद्घाटन आणि त्याआधी कुंड्या पायऱ्यांवर. वाचनालयाच्या बाईंनी बजावलं होतं, की वेळेत आल्या तर वर्षभर बाकीच्या बागेचं कामही तुमचंच, नाहीतर दुसरा एक जण रांगेत उभा आहे.

मी वीजकंपनीत बिलांच्या तक्रारींच्या टेबलावर बसतो. लोक येऊन सांगतात की मीटर चुकीचा आहे आणि मी त्यांना सांगतो की मीटर बरोबर आहे, वापर तपासा. बावीस वर्षं हेच केल्यामुळे माझा आकड्यांवर गाढ विश्वास बसला आहे. मी सहा गाड्यांची माहितीपत्रकं आणली, चौदा रकान्यांचा तक्ता केला आणि अकरा दिवसांनी त्या तक्त्याने एका गाडीकडे बोट दाखवलं. अंग अ‍ॅल्युमिनियमचं, इंजिन लहान, दोन लिटरचं. गाडी स्वतः हलकी, म्हणून माल जास्त घेणार. इंजिन लहान, म्हणून तेल कमी पिणार. इतकी सरळ गोष्ट आहे. मी तक्ता हिच्यापुढे ठेवला. तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "बघू."

'बघू' या शब्दाचे हिच्या तोंडी निदान सात अर्थ आहेत. त्यातला हा कुठला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

गाडी दारात आली आणि पाठोपाठ सासरे आले. सासऱ्यांनी बत्तीस वर्षं ट्रक चालवला. त्यांचा ट्रक असा होता, की तो कोपऱ्यावर वळला की लोक घरातल्या बरण्या धरायचे. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, दारावर टिचकी मारली, कान लावला आणि माझ्याकडे वळून अत्यंत हळुवारपणे विचारलं, "जावईबापू, पातेल्याच्या धातूची गाडी घेतलीत?"

"बाबा, विमानंही याच धातूची असतात."

"हो ना. म्हणूनच ती उडतात."

यावर मी तक्ता आणायला आत गेलो. परत येईपर्यंत त्यांनी इंजिनाचं झाकण उघडलं होतं आणि ते आत कुणीतरी विहिरीत पडल्यासारखं वाकून बघत होते. "इंजिन कुठंय?" त्यांनी विचारलं. मी दाखवलं. "हे? हे तर सुरू करायचं यंत्र वाटलं मला. किती लिटरचं?"

"दोन."

"आपल्याकडे दूध किती येतं?" त्यांनी हिला विचारलं. दूधही दोनच लिटर येत होतं. मी त्यांना टर्बो म्हणजे काय ते समजावून सांगितलं. लहान इंजिनात एक पंखा जोराने हवा कोंबतो, त्यामुळे ते मोठ्या इंजिनाएवढी ताकद देतं. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असंही म्हणालो. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे त्याला दम लागतो म्हणून तोंडात पंखा धरलाय," ते म्हणाले आणि झाकण लावलं.

समोरचे हार्डवेअरवाले तेवढ्यात रस्ता ओलांडून आले. त्यांना गल्लीतल्या प्रत्येक खरेदीची तपासणी करायची सवय आहे आणि तीही खरेदी झाल्यावर. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं. लोहचुंबक खिशात घेऊन फिरणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांनी ते दाराला लावलं, ते खाली पडलं. बॉनेटला लावलं, घसरत आलं. मग त्यांनी जमलेल्या दहा-बारा जणांकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांकडे पाहतात.

"अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाहीच ते!" मी म्हणालो. "चिकटलं असतं तर कंपनीने फसवलं असं झालं असतं!"

"तुम्ही म्हणताय तर असेल," हार्डवेअरवाले म्हणाले. माणसाला हरवायचं असेल तर याच्याइतकं धारदार वाक्य नाही. पण मी त्यांना पुढचा अर्धा तास त्याच रस्त्यावर उभं करून धातूंविषयी सगळं सांगितलं. गंजत नाही, वाकतं पण तुटत नाही, वजनाला लोखंडाच्या एक तृतीयांश. तिथे जमलेल्यांत त्या दिवसानंतर कुणालाही अ‍ॅल्युमिनियमविषयी शंका राहिली नसेल, कारण माझ्या समोर शेवटी कुणीच राहिलं नव्हतं.

इथे मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्याच आठवड्यात मी हिला न सांगता दोन सुंदर पाट्या बनवून घेतल्या होत्या. हिरव्या अक्षरांत हिच्या कार्यशाळेचं नाव, खाली फोन नंबर, कडेला एक कुंडी. दोन्ही दारांवर लावायच्या आणि हवं तेव्हा काढायच्या. त्या पाट्या चुंबकाच्या होत्या. गल्लीला धातूशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने स्वतःच्या गाडीसाठी चुंबकाच्या पाट्या बनवल्या आणि सगळ्यांच्या देखत दाराला लावल्या. दोन्ही पाट्या शांतपणे खाली उतरल्या. त्या आता आमच्या फ्रिजवर आहेत आणि त्यामुळे आमचा फ्रिज कुंड्या विकतो असा पाहुण्यांचा समज होतो.

पाट्या पडल्या तेव्हा ही दारात उभी होती. तिने त्या उचलून पदराने पुसल्या. हसली असती तर मला बरं वाटलं असतं.

तात्पुरत्या नंबरावर माल नेता येत नाही, पण फेरी मारता येते, म्हणून मी सासऱ्यांना एक फेरी मारायला नेलं. हेतू हा, की त्यांनी गाडी चालताना पाहावी. गाडी सुरेख चालली. चढावर ती अशी गेली, की मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, कारण मोठेपणा मिरवायचा नसतो. मग चौकात लाल दिवा लागला. मी थांबलो आणि इंजिन आपोआप बंद झालं. या नव्या इंजिनांत तशी सोय असते. थांबलं की बंद, ब्रेकवरचा पाय काढला की सुरू. तेवढंच तेल वाचतं. हे मी सासऱ्यांना सांगायला तोंड उघडलं, तर शेजारचं दार उघडं आणि सीट रिकामी!

आरशात बघतो तर सासरे मागे जाऊन गाडीला खांदा लावत होते. वयाची सत्तरी उलटलेल्या माणसाने गाडी ढकलावी हे न बघवून फुटपाथवरचे दोघे धावत आले. मी काच खाली करून ओरडत होतो, "बाबा, बंद पडलेली नाही!" आणि सासरे ओरडत होते, "दुसऱ्या गिअरात टाका!" हिरवा दिवा लागला, मागचे हॉर्न सुरू झाले, माझा पाय ब्रेकवरून निघाला आणि गाडी सुरू होऊन भुर्रकन पुढे गेली. तिघांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. सासऱ्यांनी त्या दोघांना कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पाजला आणि मी पुढच्या वळणावर वाट बघत बसलो. आजही ते चारचौघांत सांगतात, की ती गाडी चालू झाली ती त्यांच्या खांद्यामुळे. वर म्हणतात, "एक मात्र आहे, ढकलायला हलकी आहे." गाडीच्या हलकेपणाचं त्यांनी केलेलं पहिलं कौतुक म्हणून मी ते पदरात पाडून घेतलं.

खरं घोडं पेंड खात होतं ते नोंदणी कार्यालयात. टेबल क्रमांक सातवरच्या बाई अत्यंत कामसू होत्या, आणि कामसू माणसासमोर आपलं काही चालत नाही. त्यांच्या काचेखाली एक पिवळा पडलेला तक्ता होता. गाडी इतकी लांब, तर वजन इतकं. आमच्या लांबीच्या पिकअपपुढे लिहिलं होतं, एकवीसशे किलोंच्या पुढे. बाईंनी कंपनीचा दाखला पाहिला, तक्ता पाहिला, पुन्हा दाखला पाहिला.

"तीनशे वीस किलो कमी आहेत," त्या म्हणाल्या. "गाडीचं काही बसवायचं राहिलंय का?"

"नाही हो, अ‍ॅल्युमिनियमची आहे."

"पण गाडीच आहे ना?"

मी माझा चौदा रकान्यांचा तक्ता काढला. बाईंनी त्यांचा तक्ता माझ्याकडे सरकवला. दोन तक्तेवाले समोरासमोर आले की काय होतं ते मी पहिल्यांदाच अनुभवत होतो. शेवटी त्यांनी नियम सांगितला. सरकारमान्य वजनकाट्यावर गाडी तोलायची, चालक आत बसलेला हवा, चालकाचे पंचाहत्तर किलो नियमाप्रमाणे वजा करायचे आणि उरलेला आकडा कंपनीच्या दाखल्याशी जुळला की नोंदणी. त्या दिवशी सोमवार होता. शनिवारला पाच दिवस होते आणि अंगणात चाळीस कुंड्या रांगेत उभ्या होत्या.

आता इथे कुणीही शहाणा माणूस गाडी आहे तशी काट्यावर नेईल. मी नेली नाही. बाईंनी 'काही राहिलंय का' असं विचारल्याचा घाव माझ्या मनावर होता. गाडी हलकी आहे म्हणतो ना मी, मग ती हलकीच दिसली पाहिजे! हिशोब सरळ होता, पण अभिमान शिरला की सरळ हिशोबाला वळणं फुटतात. मी स्टेपनी काढून ठेवली. जॅक आणि पाने काढले. पायाखालचे रबरी गालिचे काढले. मागचं फळकं निघतं असं माहितीपत्रकात दिलं होतं, तेही काढलं. टाकीत तेल जेमतेम काट्यापर्यंत पोचेल इतकंच ठेवलं. एकंदर नव्वद किलो मी उतरवले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या क्षणी मला परीक्षेला निघालेल्या मुलाचा भांग पाडल्यासारखं वाटत होतं.

काट्यावर आकडा आला सतराशे पंचाहत्तर. पंचाहत्तर वजा करून सतराशे. मी मनात मांडणी केली. सतराशे ऐंशीतून नव्वद गेले, म्हणजे सोळाशे नव्वद यायला हवे होते. दहा किलो जास्त कुठून आले? मी काटेवाल्याला म्हणालो, "तुमचा काटा चुकीचा आहे."

काटेवाला पावती फाडता फाडता म्हणाला, "काटा बरोबर आहे साहेब. आपल्या बाजूने तपासा."

बावीस वर्षं मी हे वाक्य लोकांना ऐकवत आलो. ऐकणाऱ्याला ते इतकं लागतं हे मला ठाऊक नव्हतं.

टेबल सातवर मला वाटलं होतं की बाई आकडा बघून चकित होतील. त्या झाल्याही. "आता ऐंशी किलो अजून कमी झाले," त्या म्हणाल्या. "कंपनी म्हणते सतराशे ऐंशी, काटा म्हणतो सतराशे. ही गाडी झिजतेय का?" मी सगळं खरं सांगितलं. स्टेपनीसकट, फळक्यासकट. बाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. "सगळं होतं तसं बसवा आणि परत तोला," एवढंच त्या म्हणाल्या. पण आवाज असा होता, जसा मुलाने खेळण्याचे भाग सुटे केल्यावर आईचा असतो.

बुधवारी सगळं बसवलं. टाकी भरली. सासरे मदतीला होते, हे मी त्या वेळी चांगलं लक्षण समजलो. काट्यावर आकडा आला एकोणीसशे पासष्ट. पंचाहत्तर वजा, अठराशे नव्वद! काटेवाला आता मला ओळखायला लागला होता. त्याने खिडकीतून मान बाहेर काढून म्हटलं, "साहेब, परवा बारीक होती, आज बाळसं धरलंय."

टेबल सातवर बाई म्हणाल्या, "दोन दिवसांत एकशे नव्वद किलो वाढली. मी इतक्या वर्षांत गाड्या जुन्या होताना पाहिल्यात, मोठ्या होताना नाही." रांगेतले सगळे हसले. मी हसलो नाही. माझ्या डोळ्यांपुढे अंगणातल्या कुंड्या होत्या.

घरी येऊन मी गाडी बोटबोट तपासली. हौद्याच्या पुढच्या टोकाला सामान ठेवायची बंदिस्त पेटी असते. ती उघडली तर आत वाळूची दोन पोती. पन्नास पन्नास किलोंची. मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते आकाशाकडे पाहत होते.

"हलकी गाडी वाऱ्याने हलते," शेवटी ते म्हणाले. "माझी लेक चालवणार आहे ती. खाली जरा भार असावा म्हणून टाकली. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तक्ता काढला असता."

मी चिडणार होतो. चिडायचा मला पूर्ण हक्क होता. पण सत्तरी उलटलेल्या माणसाने ती दोन पोती एकट्याने कशी चढवली असतील हे डोळ्यांपुढे आलं आणि चिडायचं राहूनच गेलं. मी त्यांना म्हटलं, "बाबा, कुंड्या भरल्यावर भार येईलच." ते म्हणाले, "रिकामी परत येताना?" याला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता. मग मी त्यांना सांगितलं, की परत येताना ती सावकाश चालवेल आणि तसं वचन मी तिच्याकडून घेईन. तेव्हा कुठे आम्ही दोघांनी मिळून पोती उतरवली.

शुक्रवारी तिसरी फेरी. या वेळी सासरे साक्षीदार म्हणून आले आणि कुणीही न बोलावता हार्डवेअरवालेही आले. सगळं जागच्या जागी होतं, पेटी उघडून दाखवलेली होती. आकडा आला अठराशे पासष्ट. पंचाहत्तर वजा, सतराशे नव्वद. पुन्हा तेच दहा किलो!

मी स्टेअरिंगवर डोकं टेकलं. संध्याकाळी कार्यालय बंद होणार होतं. काटेवाला खाली आला, गाडीभोवती फिरला, मग खिडकीतून माझ्याकडे बघत राहिला. "साहेब," तो म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. तुमचं वजन किती?"

"पंचाहत्तर," मी म्हणालो. हे मी लग्नापासून सांगत आलो आहे. लग्नात ते खरंही होतं.

त्याने मला पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. काटा पंचाऐंशीवर जाऊन थांबला. मी चपला काढल्या, खिशातल्या किल्ल्या काढल्या, श्वास सोडला. काटा जागचा हलला नाही. सासरे अतिशय गंभीर चेहरा करून उभे होते आणि हार्डवेअरवाले लगबगीने निघाले, कारण त्यांना गल्लीत पोचायची घाई होती.

त्या पोत्यांच्या काट्याची शिक्का मारलेली चिठ्ठी घेऊन मी टेबल सातसमोर उभा राहिलो. बाईंनी दोन्ही पावत्या शेजारी ठेवल्या, आकडेमोड केली आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान आलं. फाइलीत त्यांनी सुवाच्य अक्षरांत शेरा लिहिला, तो मला पाठ आहे: 'वाहनाचे वजन कंपनीच्या दाखल्याप्रमाणे बरोबर. जास्तीचे दहा किलो वाहनमालकाचे असून ते वाहनाचा भाग नाहीत.' खाली सही आणि शिक्का. मग त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या तक्त्यात तुमच्या गाडीसाठी एक नवी ओळ घालायला पाहिजे." त्यांनी काच उचलली आणि पेन्सिलीने ती ओळ घातली. ते बघताना मला दहा किलोंचं काही वाटेनासं झालं. सरकारी तक्त्यात माझ्या गाडीमुळे एक ओळ वाढली होती.

शनिवारी दुपारी एकला नंबराच्या पाट्या मिळाल्या आणि लगेच कुंड्या भरायला घेतल्या. वाट दीड तासाची, म्हणजे खेप एकच होणार होती. एकेक कुंडी झाडासकट एकोणतीस किलोंची. चाळीस कुंड्या झाल्या तेव्हा गाडी जराशी खाली बसली आणि तशीच स्थिर राहिली. ही चालकाच्या जागेवर बसली आणि म्हणाली, "चला, बसा."

मी बसलो. दार लावलं. आणि माझ्या डोक्यातला तक्ता, जो मी बंद करू शकत नाही, चालू झाला. गाडीच्या कागदावर लिहिलं होतं, एकूण भार तीन हजार किलो, त्याच्या वर नाही. गाडी सतराशे ऐंशी. कुंड्या अकराशे साठ. ही अठ्ठावन्न. झाले दोन हजार नऊशे अठ्ठ्याण्णव.

मी दार उघडून खाली उतरलो.

"काय झालं?"

"मी बसत नाही. दोन किलोंचीच जागा आहे."

सासरे म्हणाले, "अहो, तेवढ्याने काय होतंय! आम्ही वर वीस वीस माणसं घेऊन गेलोय." हार्डवेअरवाले दुकानातून म्हणाले, "तीन कुंड्या खाली ठेवा." पण कुंड्या चाळीसच ठरलेल्या होत्या. आणि ज्या कागदासाठी मी आठवडाभर माझं वजन चारचौघांत काढून दाखवलं, त्याच कागदावरचा आकडा पहिल्याच दिवशी मोडायचा? गाडी निवडायचा निर्णय माझा होता. त्या निर्णयात मी बसत नव्हतो, तर उतरणं माझं कामच होतं. ही माझ्याकडे क्षणभर बघत राहिली. मग तिने गाडी सुरू केली. लहान इंजिनाने तो सगळा भार उचलला आणि आवाजसुद्धा न चढवता गल्लीच्या चढावरून नेला. सासरे तोंड उघडं ठेवून बघत होते. मी रस्त्याच्या मधोमध उभा होतो आणि छाती इतकी फुगली होती, की त्या क्षणी काट्यावर उभं केलं असतं तर नव्वद भरलो असतो.

मग मी बस पकडली. बस रस्त्यात सतरा ठिकाणी थांबली. माझ्या निर्णयाची कसोटी पुढे लागत होती आणि मी वरातीमागून घोड्यासारखा एका बाईंच्या भाजीच्या पिशवीवर पाय न पडू देता उभा होतो. वाटेत टायर फुटला असेल, चढावर दम लागला असेल, वाऱ्याने हलली असेल, सगळं मनात येऊन गेलं. आता सासऱ्यांची वाळू मला तितकीशी हास्यास्पद वाटत नव्हती.

पोचलो तेव्हा चारला पाच मिनिटं होती. वाचनालयाच्या पायऱ्यांवर वाचनालयाच्या माणसांनी उतरवून घेतलेल्या कुंड्या दोन्ही बाजूंना वीस वीस अशा झाडासकट उभ्या होत्या. खाली गाडी, रिकामी, अंगावर थोडी धूळ. ही पदराने मान पुसत वाचनालयाच्या बाईंशी बोलत होती.

"नाक्यावर काट्यावर घेतली," मला बघताच तिने सांगितलं. "तीन हजाराला दोन किलो कमी. तो माणूस म्हणाला, अजून एक पिशवी असती तरी थांबवलं असतं. मग किती वाजले असते कोण जाणे."

वाचनालयाच्या बाई कौतुकाने गाडीकडे बघत होत्या. "एवढ्या सगळ्या एका खेपेत आल्या? आमचा टेम्पोवाला तीन खेपा म्हणत होता. गाडी फार विचार करून घेतलेली दिसते."

ही माझ्याकडे वळली. बसमध्ये चुरगाळलेला माझा शर्ट तिने जरासा सारखा केला आणि त्यांना म्हणाली, "हे माझे यजमान. गाडी यांनी निवडली. मी त्यात काही बघितलंच नाही, म्हटलं यांनी बघितलंय ना."

मला कुठे बघावं ते कळेना. बावीस वर्षं मी लोकांना बरोबर आकडे सांगतो आणि आजवर एकाही माणसाने मला बरोबर म्हटलेलं नाही. डोळ्यांत पाणी आलं ते मी प्रवासातल्या धुळीवर ढकललं. वाचनालयाच्या बाईंना मी अ‍ॅल्युमिनियमविषयी सांगायला सुरुवात केली होती, पण तेवढ्यात उद्घाटनाचे पाहुणे आले आणि त्या वाचल्या.

परत येताना गाडीत मला जागा होती. ही चालवत होती, सावकाश, मी घेतलेल्या वचनाप्रमाणे. वर्षभराच्या बागेचं काम पक्कं झालं होतं आणि ती मनातल्या मनात कुंड्या मोजत होती. मी अ‍ॅल्युमिनियमचा विषयसुद्धा काढला नाही, कारण इतकं बरं वाटत असताना बोलून काही बिघडवायची माझी इच्छा नव्हती. गावाच्या वेशीशी आल्यावर ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "अहो, गच्चीवरची पाण्याची टाकी गळतेय. नवी घ्यायला हवी."

"हो का? कुठली घ्यायची म्हणतेस?"

"तुम्ही बघा," ती म्हणाली.

मी खिशातून पेन काढलं आणि बसच्या तिकिटाच्या मागे रकाने आखायला घेतले.